मुंग्या लागलेला साचा

हे सगळं झालं एकोणीसशे सदुसष्ट सालच्या चैत्रात. त्याच वर्षी डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या भुकूमच्या घरातली उतरंडीची मडकीसुद्धा खडखडली, म्हणून सालाबद्दल माझी चूक व्हायची नाही. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा महिने झाले होते आणि मी एकोणीस वर्षांची होते.

त्या काळी मुळशीत ज्या घरात दोन मुलगे, त्यातला एक मुंबईला असायचाच. गोदीत नाहीतर गिरणीत. बायको इकडे. नवरा वर्षातून दोनदा, जत्रेला आणि गणपतीला, पत्र्याची ट्रंक घेऊन यायचा आणि आठ दिवसांनी जायचा. माझे वडील तसेच गोदीत होते. माझं माहेर रिह्याचं. वडील आले की लहानपणी मी आईच्या पदराआड लपायचे, आणि मला त्यांची ओळख पटेपर्यंत त्यांची सुटी संपलेली असायची. माझं लग्न ठरताना आईनं पाहुण्यांना एकच प्रश्न विचारला होता, "पोरगा हितंच ऱ्हाणार का?"

"खडकीला कामाला हाय," माझे सासरे हैबतराव म्हणाले. "सायकलीवर जातो, दिवेलागणीला घरी."

आईनं पुढं काही विचारलं नाही. जमीन किती, बैल किती, काही नाही.

तो पोरगा म्हणजे वाल्मीक. आता म्हातारपणी मी नाव घेते. तेव्हा फक्त उखाण्यात घ्यायचे. खडकीला एका शेडमध्ये फायबरग्लासच्या नावा आणि पाण्याच्या टाक्या बनवत, तिथं ते दीड वर्ष होते. फायबरग्लास हा शब्दच तेव्हा नवा. काचेच्या धाग्याची चटई घ्यायची, तिच्यावर मधासारखं दाट रेझिन थापायचं, ते वाळून लोखंडाला भारी पडेल असं कडक होतं. वाल्मीक घरी येऊन हे सांगत तेव्हा त्यांचे डोळे चमकत, आणि अंगाला मात्र कंड सुटलेली असे, कारण त्या चटईचे बारीक काटे कातडीत शिरतात. सासूबाई, गोजराबाई, त्यांचे कपडे काठीनं उचलून वेगळे धुवायच्या. "पोरगं रोज खाजकुयलीत लोळून येतंय," असं म्हणायच्या.

लग्नाला नऊ महिने होतात न होतात तोच खडकीचा कारखाना बंद पडला. वाल्मीकनी येताना रेझिनचा एक डबा, ते आळवायच्या औषधांच्या दोन बाटल्या आणि चटईचं एक भेंडोळं विकत आणलं आणि गोठ्याच्या पडवीत नेऊन ठेवलं. दोन महिने त्याला कोणी हात लावला नाही.

जत्रेला गेणबाकाका आले. सासऱ्यांचे चुलत भाऊ, गोदीत मुकादम. बाकीचे विड्या ओढत, हे पाकिटातली सिगारेट ओढत, आणि पाकीट सदऱ्याच्या खिशातून दिसेल असं ठेवत. ते आले ते वाल्मीकसाठी जागा बघूनच.

"हैबता, पोराला संगं देतो का? पुढल्या रविवारी दुपारच्या गाडीनं निघणार मी. सोमवारी सायबापुढं हुबा करतो. नथूच्या खोलीवर ऱ्हाईल, भाऊभाऊ एकत्र."

नथू म्हणजे माझे मोठे दीर. सहा वर्षांपूर्वी मुंबईला गेले, आणि त्या वर्षी जत्रेलाही आले नव्हते. मी माजघरात दाराआड उभी होते. सासूबाई चुलीपुढं होत्या. काकांचं बोलणं ऐकून त्यांनी भाकरी इतक्या जोरात थापली की परातीबाहेर पीठ उडालं.

तो दिवसही रविवारच होता. त्याच संध्याकाळी एरचशेट आले. हे पुण्याच्या कॅम्पातले पारशी. मुळशीच्या तळ्यावर त्यांचा बंगला होता. शनिवारी जाताना आणि रविवारी परतताना ते आमच्या घरी ताक प्यायला थांबत. त्यांची हिरवी विलायती गाडी म्हणजे आमच्या रस्त्यावरचा देखावाच. त्या दिवशी मात्र गाडीचा एक डोळा उघडा पडला होता. पिरंगुटच्या घाटात बैलगाडीला घासली आणि उजव्या दिव्याभोवतीची कडी निघून चाकाखाली गेली.

"हवे शूं करूं? काय करू आता?" ते ताकाचा पेला हातात तसाच धरून म्हणाले. "विलायतेहून सामान येत नाय. बंद. दहा गॅरेजला विचारेल तरी नाय मिळणार. माझी बिचारी गाडी काणी झाली."

वाल्मीक गाडीपुढं वाकले. डावीकडची कडी शाबूत होती. जेवणाच्या ताटाएवढी गोल, काळ्या रंगाची, कडा आत वळलेली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"शेटजी, ही मला द्या. शनिवारपातुर हिची जोडी करून देतो."

"तू करेल? कशाची करेल?"

"फायबरग्लासची. गोल हाय, डावं-उजवं करायचं काम न्हाई."

शेटजींनी पेला खाली ठेवला. मग स्वतःच स्क्रू काढून कडी त्यांच्या हातात ठेवली. "पण सांभाळ हां, दीकरा. ही पण गेली तर गाडी आंधळी."

गाडी गेल्यावर अंगणात बैठक बसली. सासरे सावकाश बोलणारे. त्यांनी तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली, मग म्हणाले, "येरचशेटनी शनिवारी तुजी कडी बसवून घेतली आन आनिक काम दिलं, तर पडवी तुजी. न्हाई दिलं, तर रविवारी गेणबासंगं जायाचं. कबूल?"

"कबूल," वाल्मीक म्हणाले.

मी दाराआडून मनात दिवस मोजले. सहा.

साचा कसा करतात ते वाल्मीकनी मला सोमवारी दुपारी सांगितलं. पाटावर कडी ठेवायची. तिच्या आतल्या पोकळीत आणि कडेनं चिखल भरायचा, म्हणजे रेझिन खाली उतरत नाही. मग कडीवर, चिखलावर, पाटावर सगळीकडं मेण घासायचं, म्हणजे रेझिन चिकटत नाही. त्यावर रेझिनचा पहिला गुळगुळीत थर, त्यावर चटईचे थर. वाळलं की उचलायचं. जे उचललं तो साचा, म्हणजे उलटी कडी. त्या साच्याला पुन्हा मेण लावून आत तसंच थापलं की नवी कडी.

"खडकीला मेणाचा परदेशी डबा व्हता," ते म्हणाले. "हितं कुटला आणू?"

"मेण मी आणते की," मी म्हणाले.

डोंगरावरच्या वाडीतली भिमाबाई दर चैत्रात मध घेऊन उतरायची. पिळलेल्या पोळ्याचा गोळा तिच्याकडं असायचाच. मी भर उन्हात वाडीवर गेले. ती दारात बसून करवंदं निवडत होती.

"मेन कशाला गं?"

"यांना गाडीचं काम करायचंय."

"गाडीला मेन लावत्यात?" तिनं तोंडावर हात ठेवला. मग गोळा देताना म्हणाली, "दोनदा उकळ, बाय. पयल्या पान्यात मध सुटत नाय. दुसऱ्याला सुटतो. इसरू नको."

मी विसरले नाही. विसरले असते तर बरं, निदान तसं म्हणता आलं असतं. घरी येऊन एकदा पाण्यात उकळलं, फडक्यातून गाळलं. गार झाल्यावर वर पिवळीधमक चकती धरली. चूल सासूबाईंना पाहुण्यांच्या पोळ्यांसाठी हवी होती, आणि मला वाटलं, एवढं सोन्यासारखं मेण, आणखी काय उकळायचं! वाल्मीकनी ते थोड्या रॉकेलात पातळ केलं आणि आम्ही दोघांनी मऊ फडक्यानं कडीवर घासलं. एकदा, पुसून दुसऱ्यांदा, पुसून तिसऱ्यांदा. कडीत तोंड दिसायला लागलं. मग सगळं तसंच पाटावर ठेवून, वर टोपली पालथी घालून आम्ही घरात आलो.

चैत्रातल्या उन्हात रेझिन डब्यातच आळतं, म्हणून काम मंगळवारी झुंजूमुंजू होताच करायचं ठरलं. पडवीत अजून अंधुक होतं. गेणबाकाका दात घासत तमाशा बघायला आले. वाल्मीकनी रेझिनात शंखजिऱ्याची पूड आणि काजळी कालवली, मग जांभळ्या औषधाचे थेंब टाकून ढवळलं, आणि मग पांढऱ्या औषधाची बाटली हातात घेतली.

"ही दोन बाटल्यांतली औषधं येकमेकात थेट मिसळायची न्हाईत," त्यांनी मला बजावलं. "भडका उडतो. मधी रेझिन पायजे."

"सासू-सुनंवानी हाय म्हन की," गेणबाकाका तोंडात राखुंडी ठेवून म्हणाले. "मधी पोरगा पायजे."

पांढरं औषध पडलं. आता बारा-पंधरा मिनिटं हातात. वाल्मीकनी टोपली उचलली आणि ब्रश फिरवायला सुरुवात केली. काळ्या कडीवर काळा थर चढत गेला. अर्धी कडी झाली असेल, तोवर मला पाटावर काहीतरी हललं असं वाटलं.

रात्रीतून चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. त्या भेगांत, मेणातल्या मधाच्या वासानं, बारक्या काळ्या मुंग्या येऊन बसल्या होत्या. रेझिनचा वास नाकात जाताच त्या बिथरल्या आणि भेगेभेगेतून कडीवर चढल्या.

"अहो, मुंग्या!"

"कुटं?"

"कुटं काय, सगळीकडं!"

"काढ! काढ बोटानं! औषध घातलंय, आता थांबता येत न्हाई!"

मी पदर खोचला आणि मुंग्या वेचायला लागले. एक काढावी तर चार येत. माझ्या बोटांना रेझिन, रेझिनला मुंग्या, मुंग्या माझ्या मनगटावर. वाल्मीक एका हातानं ब्रश मारतायत, दुसऱ्यानं फुंकर घालतायत, म्हणजे तोंडानं, पण त्या गडबडीत दुसरा हातही फुंकणीसारखा तोंडाशी धरला होता. गेणबाकाका हसून हसून खांबाला धरून खाली बसले, राखुंडी गिळली आणि ठसकायला लागले. त्यांच्या ठसक्यानं बैल उठले. तोवर रेझिन आळलं. ब्रश कडीला चिकटून ताठ राहिला, तो ओढून काढावा लागला.

"कशाचा साचा केलास, वाल्मीक?" काका डोळे पुसत म्हणाले. "वारुळाचा?"

वाल्मीक हसले नाहीत. त्यांनी वरचे चटईचे थर मुकाट्यानं थापले, कारण अर्धवट सोडलं तर मूळ कडीही गेली असती.

बुधवारी सकाळी साचा उचलायचा होता. कडेच्या फटीत पाणी सोडलं, लाकडी थापीनं हलकेच ठोकलं. पहिल्या तीन बाजू सुटल्या. चौथीला कट्‌ असा आवाज आला. तिथं मधाचा थेंब राहिला असणार. थर कच्चा राहिला होता आणि अंगठ्याएवढा कपचा साच्यातून निघून कडीलाच चिकटून आला. कडी सुटली, तिचा रंगही शाबूत होता, तेवढं देवानं राखलं. पण साचा उलटा करून उजेडात धरला आणि मला रडूच आलं. काळ्या चकचकीत थरात मुंग्या पाय पसरून तशाच बसल्या होत्या. काही पूर्ण, काही नुसते खड्डे.

वाल्मीक साचा मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "माजीच चूक. चिखल वला ठिवाया पायजे व्हता. काकांना सांगतो, रविवारी येतो म्हणून."

"चिखलाची नाही," मी म्हणाले.

"मग?"

"भिमाबाई म्हणाली होती, मेण दोनदा उकळ. मी एकदाच उकळलं. मध राहिला."

त्यांनी मान वर केली. लग्न झाल्यापासून ते मला कधी टाकून बोलले नव्हते. आता बोलणार, असं वाटलं.

"मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"आधी मुंग्या नव्हत्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, साच्याकडं पाहिलं, आणि खाली मान घालून हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलत होते. मी आधी घाबरले, मग मलाही हसू आलं. हसता हसता मी म्हणून गेले, "तुम्ही मुंबईला गेलात तर 'हे तुमचे आबा' अशी पोरांना ओळख करून द्यावी लागेल मला. पोरं पदराआड लपतील." हे बोलायचं नव्हतं. त्यांनी साच्यातल्या एका मुंगीवरून नख फिरवलं.

मग ते म्हणाले, "दाभण आन."

खडकीला एकदा एका टाकीच्या साच्याला बुडबुडे आले होते, तेव्हा काय केलं ते त्यांना आठवलं होतं. नुसत्या खड्ड्यात रेझिन भरलं तर ते टिकत नाही, टवका उडतो. खड्डा आधी रुंद करायचा, कडा खरबरीत करायच्या, मग भरायचा. म्हणजे एकेक मुंगी कोरून काढायची आणि तिची जागा आणखी मोठी करायची. हे काम माझ्याकडं आलं. गोधडी शिवायची दाभण घेऊन मी पडवीच्या दारात, उजेडाला पाठ न करता बसले. एकेचाळीस मुंग्या निघाल्या. प्रत्येक निघाली की खडूनं भोवती गोल करायचा, म्हणजे भरताना सुटायला नको. दुपारपर्यंत साच्याला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

मधल्या वेळात मी उरलेलं मेण पुन्हा उकळलं. दोनदा नाही, तीनदा.

तुटलेल्या जागेसाठी वाल्मीकनी मूळ कडीला नवं मेण लावून ती साच्यात परत बसवली आणि मागच्या बाजूनं भगदाडात रेझिन सोडलं. ती जागा संध्याकाळपर्यंत छान धरली. पण खड्ड्यांचं दुखणं वेगळं निघालं. खड्ड्यात भरलेला थर वरून उघडा राहिला की हवा लागून चिकटाच राहतो. खडकीला त्यावर पातळ पारदर्शक कागद दाबत. तसला कागद भुकूमात कुठं मिळणार?

मला गेणबाकाकांचं पाकीट आठवलं. त्याच्यावर असायचा की तो, चुरचुर वाजणारा.

आता अडचण अशी की घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाशी नवी सून थेट बोलत नसे. काही हवं असलं तर सासूला सांगायचं, सासू सासऱ्यांना सांगणार, सासरे पाहुण्यांना. तेवढ्यात रेझिन आळलं असतं. काका ओट्यावर बसले होते. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाले, "काका, तुमच्या सिगारेटच्या पाकिटाचा वरचा कागद हवाय."

सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. काकांनी माझ्याकडं, म्हणजे पदराकडं, पाहिलं.

"कागद? कशाला?"

"मुंग्यांच्या खड्ड्यावर लावायला."

"हैबता," काका सासऱ्यांना म्हणाले, "तुजी सून माज्याच पाकिटानं माजा गडी पळवाया निघालीय बघ." पण खिशातलं पाकीट काढून त्यांनी कागद सोलून दिला. मी आत वळले तोवर हाक आली. "थांब. येकानं काय व्हतंय?" ट्रंकेत साहेबाला द्यायला म्हणून आणि स्वतःला म्हणून सहा कोरी पाकिटं होती. सहाही सोलली. पुढं मुंबईला जाईपर्यंत त्यांच्या सिगारेटी सादळलेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ओढताना ते माझ्या नावानं खोकत.

गुरुवारी सकाळी कागद सोलले. खड्डे भरले होते, पण जागोजागी टेंगळं. पाणी-कागदानं, म्हणजे ओला करून वापरायच्या वाळूच्या कागदानं, घासायचं काम सुरू झालं. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी ओल्या फडक्यावर चाळलेली राख. डोळ्यांना सगळं सपाट दिसत होतं. वाल्मीक म्हणाले, डोळ्यावर जायचं नाही, बोटावर जायचं. माझी बोटं तोवर सोलवटली होती, त्यांना काही कळेना.

सासूबाई गोठ्यात शेण काढायला आल्या होत्या. या सगळ्या दिवसांत त्या पडवीत आल्या नव्हत्या; वासानं डोकं धरतं म्हणत. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग हौदावर हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याशेजारी बसकण मारली.

"आन हिकडं."

त्यांनी साचा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि चार बोटं आत फिरवायला लागल्या. चाळीस वर्षं तांदूळ पाखडलेली बोटं ती.

"हितं येक हाय. हितं खड्डा हाय बारका. ह्यो बघ, हितं कड लागती."

मी खडूनं खुणा करत गेले. अठरा जागा निघाल्या. त्या घासून झाल्या की साचा पुन्हा त्यांच्या मांडीवर. पुन्हा सात. मग दोन. मध्येच, डोळे मिटलेले असताना, त्या म्हणाल्या, "नथू गेला तवा हातात न्हवतं असलं कायबी. न्हाई तर मीबी घासलं असतं." एवढंच. मग पुन्हा बोटं फिरायला लागली.

शुक्रवारी पहाटे साच्याला मेण चढलं. या वेळी पाटाचे पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत ठेवले होते आणि सासूबाई हातात केरसुणी घेऊन पहाऱ्याला. एक मुंगी आली नाही. पहिला थर, दोन चटया, सगळं ठरल्यासारखं. शनिवारी सकाळी पाणी सोडलं, थापीनं ठोकलं, आणि नवी कडी अशी सुटली जशी भिजवलेल्या बदामाची साल.

तिच्यावर एक टेंगूळ होतं, मोहरीच्या अर्ध्याएवढं. एक खड्डा सगळ्यांच्या बोटांना चुकवून राहिला होता. ते घासून टाकलं. वाल्मीकनी स्क्रूची तीन भोकं पाडली, काळा रंग दिला, आणि कडी उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर टांगली. आम्ही कोणी जेवलो नाही.

शेटजींची गाडी दुपारी दोनला आली. सगळं घर अंगणात. वाल्मीकनी आधी जुनी कडी जागेवर बसवली, मग नवी घेतली. नवी बसेना. आत वळलेली कड थोडी जाड झाली होती. गेणबाकाकांनी खाकरलं. वाल्मीकनी खिशातून कानस काढली, चार हात मारले, पुन्हा लावली. नाही. पुन्हा चार हात. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळताना मी बघत होते. तिसऱ्या वेळी कडी अंगठ्यानं दाबताच आत बसली. त्यांनी तिन्ही स्क्रू आवळले आणि बाजूला झाले.

एरचशेट मागं सरकले. डोकं इकडं वाकवलं, तिकडं वाकवलं. चष्मा पुसला.

"नवी कोणती?"

त्यांनी पुढं येऊन डावीला नखानं टिचकी मारली, टण्‌ वाजलं. उजवीला मारली, टक्‌.

"ही! ही नवी!" पोरासारखे ओरडले ते. "आणि ही गंजणार नाय?"

"न्हाई शेटजी."

"मग ही गंजकी कशाला ठेवतो? डावी पण कर तू! आणि बाटलीवाला आहे ना माझा दोस्त, त्याची पण हीच गाडी, त्याच्या तर दोन्ही गेल्या. चार कर. नाय, सहा कर, वरकड ठेव. गॅरेजवाल्याला मी सांगतो. पुढच्या शनिवारी तयार?"

"तयार," असं मी म्हणाले. वाल्मीकच्या आधी. दाराआडून नाही, अंगणात उभी राहून. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, पण हळूच.

गाडी धुरळा उडवत मुळशीकडं गेली. सासरे तंबाखू थुंकून आले, पडवीकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "बैलं चिंचंखाली बांदू. त्येंनाबी त्यो वास सोसत न्हाई." एवढाच त्यांचा निकाल.

गेणबाकाका रविवारी एकटे गेले. जाताना वाल्मीकच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "सायबाला काय सांगू? गडी मुंग्यांनी खाल्ला म्हनू?"

आता त्या सगळ्यांचं सांगते.

एरचशेटनी पुढं सात वर्षं आमच्याकडं माणसं पाठवली. म्हातारपणी गाडी चालवेना तेव्हा ती विकून मुलीकडं मुंबईला गेले आणि तिकडंच वारले. गेणबाकाका गोदीतून निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांची बायको चार महिन्यांत कंटाळून म्हणाली, "ह्येंना परत पाठवा कुणीतरी." ते तिच्या आधी गेले. ती नंतर रोज त्यांच्यासाठी रडायची. सासऱ्यांनी शेवटपर्यंत फायबरग्लास हा शब्द उच्चारला नाही. विचारणाऱ्याला सांगत, पोरगा काचेची भाकरी थापतो. सासूबाई मात्र डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यावरही प्रत्येक नव्या साच्यावरून हात फिरवायच्या, आणि त्यांनी पास केल्याशिवाय वाल्मीक पुढचं काम करत नसत. नथूभावजींना आम्ही दोनदा बोलावलं. ते आले नाहीत. त्यांचं मुंबईत दुसरंच घर झालं होतं, ते सासूबाईंना कोणी सांगितलं नाही, तरी त्यांना ठाऊक होतं.

भिमाबाई मेण देत राहिली, ऐंशीच्या सालापर्यंत. मग तिच्या डोंगराचा वरचा भाग कोणी तारेच्या कुंपणात घेतला, पोळी राहिली नाहीत, आणि ती मुलाबरोबर वीटभट्टीवर गेली. मी पिरंगुटच्या बाजारात तिला शोधायचे. सापडली नाही.

तो पहिला साचा सत्तावीस कड्या देऊन त्याच जुन्या भगदाडाच्या जागी फाटला. पडवीची पुढं शेड झाली, बसच्या दिव्यांच्या कड्या, डॅशबोर्डची झाकणं, रिक्षांचे मडगार्ड, असं काय काय निघत गेलं. आता मुलानं ती जागा भाड्यानं दिली आहे. आमची तीन मुलं. त्यांतलं एकही बापाला बघून लपलं नाही.

वाल्मीक दोन हजार चार साली गेले. अडतीस वर्षांच्या संसारात ते किती रात्री घराबाहेर राहिले, ते मला तोंडपाठ आहे. अकरा. त्यातल्या चार मालाच्या कामासाठी. सात इस्पितळात, आणि त्या सातही रात्री मी त्यांच्या खाटेखाली सतरंजीवर होते.